लाभार्थ्यांचा सरकारी आकडा: ताळा कसा करायचा

मार्च २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये एक आकडा वर्तमानपत्रांतून गाजला. आजारपणाचा भत्ता घेणाऱ्या जवळपास नऊ लाख लोकांनी नव्या वैद्यकीय तपासणीला जाण्याऐवजी आपला दावाच सोडून दिला, असं सत्ताधारी पक्षाचे सहअध्यक्ष ग्रँट शॅप्स यांनी सांगितलं. वाचणाऱ्याच्या मनात अर्थ एकच उमटला: म्हणजे इतके लोक आजारी नव्हतेच.

८,७८,३०० हा आकडा खरा होता आणि सरकारी तक्त्यातूनच आला होता. पण ते जुने भत्ताधारक नव्हते. साडेतीन वर्षांच्या काळात नव्याने अर्ज करून, तपासणी होण्याआधीच अर्ज बंद केलेले ते लोक होते. कुणी बरं झालं, कुणी कामावर परतलं. जुना भत्ता आधीपासून घेणारे आणि फेरतपासणीला पाठवलेले लोक होते ६,०३,६००. त्यातल्या फक्त १९,७०० जणांनी तपासणीआधी दावा बंद केला होता, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष अँड्र्यू डिलनॉट यांनी मे महिन्यात पत्र लिहून हे दाखवून दिलं.

सरकारी आकडा बनावट असेल अशा संशयाने अनेक जण तपासायला बसतात आणि दमून उठतात, कारण तक्त्यात चूक सापडत नाही. माझा अनुभव असा की तक्ता बहुतेक वेळा बरोबर असतो आणि त्यावर रचलेलं वाक्य चुकलेलं असतं. म्हणून तपासणीची सुरुवात वाक्यापासून करावी.

वाक्य सुटं करा

ऐकलेला दावा जसाच्या तसा कागदावर उतरवा आणि खाली पाच प्रश्न लिहा. कोण मोजले? काय घडल्यावर मोजले? कोणत्या तारखेला किंवा कोणत्या काळात? कुणी मोजले? आणि कशाच्या तुलनेत? ज्या प्रश्नाचं उत्तर दाव्यात नाही, त्यापुढची जागा कोरी ठेवा. त्या कोऱ्या जागा म्हणजेच तुमचं पुढचं काम. ‘दोन कोटी कुटुंबांना लाभ’ या वाक्यात ‘लाभ’ म्हणजे नाव नोंदलं की पैसे हातात पडले, ते कळत नाही. काळही कळत नाही. योजना सुरू झाल्यापासून आजवर, की गेल्या वर्षात?

मग मूळ तक्ता शोधा. भाषण, जाहिरात, बातमी यांवर थांबू नका. तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप तक्त्याआधी वाचा. व्याख्या, वगळलेले गट आणि ‘तात्पुरते आकडे’ असे शब्द तिथेच असतात. तो तक्ता त्या दिवशीच्या तारखेसह उतरवून ठेवा. संकेतस्थळावरचे आकडे नंतर सुधारले जातात, आणि जुनं रूप हाताशी नसेल तर बदल झाला होता हेही कुणाला दाखवता येत नाही.

पायरी कोणती, ते ओळखा

एक माणूस योजनेत शिरतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. अर्ज केला. पात्र ठरला. मंजुरी मिळाली. रक्कम पाठवली गेली. खात्यात जमा झाली. त्याने ती काढली. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात, आणि ‘लाभार्थी’ हा एकच शब्द या सहाही पायऱ्यांसाठी सर्रास वापरला जातो. खातं बंद पडलेलं, नावातली अक्षरं न जुळलेली, त्यामुळे पाठवलेली रक्कम परत गेलेली, असे लोक चौथ्या पायरीवर मोजले जातात आणि पाचव्या पायरीवर नसतात. मंत्रालयाचा आकडा आणि गावातला अनुभव जुळत नाही तेव्हा कुणीतरी खोटं बोलत असतं असं नाही. अनेकदा दोघं वेगळ्या पायरीवर उभे असतात.

भारतातल्या रोजगार हमीच्या तक्त्यांत हे सरळ दिसायचं. एका रकान्यात नोंदणी झालेले मजूर, दुसऱ्यात सक्रिय मजूर, म्हणजे गेल्या तीन वर्षांत एक दिवस तरी काम मिळालेले. दोन्ही संख्या खऱ्या, पण प्रश्न वेगळे.

नोंदवही आणि लाभार्थी यांची गल्लत किती लांब जाऊ शकते, हे अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीला दिसलं. सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, नोंदींत शंभरीपार गेलेले लाखो लोक ‘जिवंत’ आहेत, म्हणजे मेलेल्यांना पेन्शन चाललंय, असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात त्याच विभागाच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी २०२३ मध्येच हे तपासलेलं होतं. १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या १.८९ कोटी लोकांच्या नोंदीत मृत्यूची तारीख नव्हती, हे खरं. पण त्यातल्या सुमारे ९८ टक्के लोकांना कसलीही रक्कम जात नव्हती. पैसे घेणारे साधारण ४४ हजार होते. नोंदवही अद्ययावत नसणं हा दोष आहेच. तो वेगळा दोष.

एककाकडेही लक्ष द्या. माणूस, कुटुंब, कार्ड, खातं, दावा आणि हप्ता ही सहा वेगळी एककं आहेत. एका कार्डावर पाच माणसं असतात आणि एका माणसाला तीन योजनांतून पैसे येतात. तीन योजनांचे लाभार्थी जोडून ‘एकूण इतक्या लोकांना आधार’ असं म्हटलं असेल, तर तोच माणूस तीनदा मोजला गेलाय का, ते विचारा.

मडक्यातलं पाणी आणि नळाचं पाणी

एका ठरावीक दिवशी योजनेत किती लोक आहेत, तो साठा. वर्षभरात किती आले नि गेले, तो प्रवाह. शॅप्स यांच्या विधानात नेमकी हीच गफलत होती: प्रवाहाचा आकडा साठ्याला लावलेला.

गणित करून बघा. समजा एका योजनेत कोणत्याही दिवशी १,००० लोक असतात आणि प्रत्येक जण सरासरी तीन महिने राहतो. वर्षाच्या सुरुवातीचे १,०००, आणि दर तीन महिन्यांनी संपूर्ण फेरबदल धरला तर नवे ४,०००. कुणी पुन्हा आलं नाही असं मानलं, तर वर्षात योजनेला शिवून गेलेले लोक ५,०००. आता कुणी बारा महिन्यांच्या संख्या जोडल्या तर येतील १२,०००. पण ते हप्ते झाले, माणसं नव्हेत. एकाच योजनेबद्दल १,०००, ५,००० आणि १२,००० हे तिन्ही आकडे प्रामाणिकपणे छापता येतात. म्हणून ‘खर्च फुगला’ म्हणणारा मोठा आकडा उचलतो आणि ‘योजना आटोक्यात आहे’ म्हणणारा लहान. तुम्ही तिन्ही मागा.

यातून एक जुना गैरसमजही निघतो. वर्षानुवर्षं योजनेत राहणारे लोक साठ्यात ठळक दिसतात, कारण ते कधीही मोजले तरी तिथे असतात; महिना-दोन महिन्यांत बाहेर पडणारे निसटतात. एका दिवसाच्या मोजणीवरून ‘हे लोक कायमचे अवलंबून’ असं म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवं.

छेद विचारा

टक्केवारी दिसली की खालचा आकडा कुठून आला ते विचारा. अंश रोज बदलतो, छेद वर्षानुवर्षं तोच राहतो.

भारतातल्या अन्न सुरक्षा कायद्याचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१३ च्या या कायद्यानुसार ग्रामीण भागात ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्य मिळू शकतं. २०११ च्या जनगणनेला हे प्रमाण लावलं तेव्हा ८१.३५ कोटी हा आकडा निघाला. नंतर लोकसंख्या वाढली, पण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, आणि छेद जुनाच राहिला. त्यामुळे ‘८० कोटी लोकांना धान्य’ या वाक्यातली संख्या गरजूंची मोजणी नाही. ती एक मर्यादा आहे, आणि ती भरली की नव्या बाळाचं किंवा नव्या सुनेचं नाव कार्डात घालायला जागा उरत नाही. २०२० मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर या अभ्यासकांनी हिशोब मांडला की जुन्या जनगणनेमुळे दहा कोटींहून जास्त लोक बाहेर राहिले आहेत. ‘९९ टक्के उद्दिष्ट पूर्ण’ असं तक्त्यात दिसलं, तर ते उद्दिष्ट कुणी आणि कधी ठरवलं, हा पहिला प्रश्न असावा.

दुसऱ्या वाटेने त्याच आकड्यापर्यंत जा

शाळेत भागाकाराचा ताळा गुणाकाराने करायचो, तसाच इथेही करायचा. सगळ्यात सोपा ताळा म्हणजे खर्चाचा. समजा एका कल्पित योजनेत १२ लाख लाभार्थी, प्रत्येकी महिना १,०००. वर्षाला खर्च यायला हवा १,४४० कोटी. लेखापुस्तकात प्रत्यक्ष खर्च १,०८० कोटी दिसला, तर एकतर ९ लाख लोकांनाच वर्षभर पैसे मिळाले, किंवा १२ लाखांना सरासरी नऊच महिने. लगेच आरोप करू नका. वर्षाच्या मध्यात आलेले नवे लोक, पुढच्या वर्षात ढकललेले हप्ते, परत आलेल्या रकमा, ही सगळी साधी कारणं असू शकतात. पण ३६० कोटींच्या फरकाचं स्पष्टीकरण मागण्याचा हक्क या एका भागाकाराने मिळतो. अर्थसंकल्पातली तरतूद नका घेऊ. प्रत्यक्ष खर्च घ्या.

दुसरी वाट म्हणजे घरोघरचं सर्वेक्षण. सरकार म्हणतं इतकं दिलं. लोक म्हणतात इतकं मिळालं. गोदामातून उचललेलं धान्य आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात लोकांनी रेशनमधून घेतल्याचं सांगितलेलं धान्य यांतला फरक काढून द्रेझ आणि खेरा यांनी गळतीचा अंदाज केला होता: २००४-०५ मध्ये सुमारे ५४ टक्के, २०११-१२ मध्ये सुमारे ४२ टक्के. दोन स्वतंत्र वाटा होत्या म्हणून हे शक्य झालं.

मात्र सर्वेक्षण म्हणजे अंतिम सत्य नव्हे. मदत घेतल्याचं सांगायला लोक संकोचतात, विसरतात, किंवा कोणत्या योजनेचे पैसे होते हेच त्यांना माहीत नसतं. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ ब्रूस मेयर आणि सहकाऱ्यांनी घरोघरच्या उत्तरांची सरकारी नोंदींशी गाठ घातली तेव्हा दिसलं की खरोखर अन्नमदत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच लोकांनी ‘नाही’ असं सांगितलं होतं. तेव्हा सर्वेक्षणातला आकडा कमी आला एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही.

दोन याद्या संगणकाने जुळवल्या असतील तर जुळवणीची पद्धत मागा. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणात कर खात्याकडचं वर्षभराचं उत्पन्न समान पंधरवड्यांत वाटून लोकांनी जास्त भत्ता घेतल्याचे निष्कर्ष काढले गेले. सहा महिने कमावणारा आणि सहा महिने बेकार असलेला माणूस अशा सरासरीत वर्षभर थोडंथोडं कमावणारा ठरतो, आणि बेकारीच्या महिन्यांत घेतलेला रास्त भत्ता ‘थकबाकी’ होतो. लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. २०२३ मध्ये शाही आयोगाने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, या योजनेवर कठोर ताशेरे ओढले.

‘बोगस’ आणि ‘बचत’ या शब्दांपाशी थांबा

या टप्प्यावर जरा जास्त वेळ द्या, कारण इथे चुकीच्या आकड्याची किंमत कुणाच्या तरी जेवणाने चुकती होते.

चुकीचं वाटप आणि फसवणूक एक नव्हे. अमेरिकेच्या अन्नमदत योजनेत २०२३ च्या आर्थिक वर्षात चुकीच्या वाटपाचा दर ११.६८ टक्के होता. ही सगळी लूट समजली गेली तर दोन गोष्टी हरवतात. या ११.६८ पैकी १.६४ अंक म्हणजे हक्कापेक्षा कमी मिळालेली रक्कम. आणि उरलेल्या जास्तीच्या रकमेतही कार्यालयाच्या आणि अर्जदाराच्या साध्या चुका मिसळलेल्या असतात. ब्रिटनचा भत्ते देणारा विभाग आपल्या वार्षिक अहवालात फसवणूक, लाभार्थ्याची चूक आणि कार्यालयाची चूक असे तीन भाग वेगळे दाखवतो. तुमच्यासमोर एकच ठोक टक्केवारी आली, तर हे तीन भाग मागा आणि कमी दिलेल्या रकमेचा चौथा आकडाही मागा.

बचतीचा दावा तपासताना एकच प्रश्न: कशात घट झाली म्हणून पैसे वाचले? गॅस अनुदान थेट खात्यात देण्याच्या पहल योजनेबद्दल कॅगने २०१६ च्या अहवालात हे चोख केलंय. एप्रिल ते डिसेंबर २०१५ मध्ये अनुदानाचा खर्च आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २३,३१६ कोटी रुपयांनी घटला होता. त्यातले सुमारे २१,५५२ कोटी हे कच्च्या तेलाचे भाव पडून अनुदानाचा दर खाली आल्यामुळे वाचले. सिलिंडरची उचल कमी झाल्यामुळे वाचले ते फक्त सुमारे १,७६४ कोटी. दर आणि संख्या वेगळे केल्याशिवाय श्रेय कुणाचं, हे सांगता येत नाही.

आणि कापलेली नावं. ‘इतकी लाख कार्डं रद्द, इतके बोगस पकडले’ या वाक्यात ‘रद्द’ आणि ‘बोगस’ एकमेकांच्या जागी बसवलेले असतात. झारखंडच्या दहा जिल्ह्यांत २०१६ ते २०१८ दरम्यान रद्द झालेल्या रेशनकार्डांचा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहॉस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी माग काढला. सुमारे ८८ टक्के कार्डं खऱ्या, अस्तित्वात असलेल्या कुटुंबांची निघाली. म्हणून रद्द नावांची कारणनिहाय मोजणी मागा: मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद, उत्पन्न वाढलं, ओळखपत्र जोडलं नाही, हयातीचा दाखला दिला नाही. शेवटची दोन कारणं माणूस खोटा असल्याची नाहीत. तो कार्यालयापर्यंत पोचू शकला नाही, एवढंच ती सांगतात.

स्वतः नमुना घेऊन पडताळणी

कागदावरचं काम झालं की थोडं पायी चालावं लागतं. तीन याद्या घ्या: सध्या लाभ मिळणारे, गेल्या वर्षभरात कापलेले, आणि पात्र असून कधीच यादीत नसलेले. तिसरी यादी कुणाकडे तयार नसते. ती वस्तीत विचारत, मतदारयादीशी ताडून पाहत करावी लागते. पहिलीच यादी तपासली तर चुकून आत आलेले तेवढे सापडतात. चुकून बाहेर फेकलेले कधीच सापडत नाहीत. तपासणी करणारे बहुतेक लोक इथेच एका डोळ्याने बघतात, आणि मीही सुरुवातीला तसंच केलं.

यादीतून नावं निवडताना ‘जवळची घरं’ किंवा ‘ओळखीचे लोक’ नकोत. नावांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाकडून क्रमांक काढा. एक गोष्ट मी चुकीची करून शिकलो: घर बंद दिसलं की शेजारचं घर घ्यायचो. नंतर लक्षात आलं की बंद घरं कामासाठी बाहेर गेलेल्यांची होती, आणि लाभ तुटण्याची सर्वाधिक शक्यता त्यांचीच. तेव्हापासून तीन वेळा, वेगळ्या वेळी जायचं. तरीही भेट झाली नाही तर ‘भेट नाही’ अशी नोंद करायची, बदली घर घ्यायचं नाही.

‘पैसे मिळतात का?’ असा प्रश्न विचारू नका. त्याला लोक भीतीने ‘हो’ म्हणतात किंवा रागाने ‘नाही’. शेवटची रक्कम कधी आली, किती आली, काढायला कुठे जावं लागलं, असं विचारा आणि त्यांची तयारी असेल तर पासबुकातली नोंद पाहा. तुम्ही कोण आहात, उत्तर दिल्याने किंवा न दिल्याने लाभावर काही परिणाम होणार नाही, हे आधी सांगा. नावं कुठेही छापू नका आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी बोलू नका.

किती जणांना भेटायचं? शंभर जणांच्या यादृच्छिक, म्हणजे असा चिठ्ठ्या टाकून काढलेल्या, नमुन्यात टक्केवारी साधारण दहा अंकांनी इकडेतिकडे असू शकते, चारशेंत पाच अंकांनी. नेमकी टक्केवारी हवी असेल तर चारशे, आणि मोठा बिघाड आहे का एवढंच बघायचं असेल तर शंभर पुरतात. अजून एक उपयोगी नियम: तपासलेल्या शंभरात एकही चूक सापडली नाही, तरी संपूर्ण यादीत तीन टक्क्यांपर्यंत चुका असू शकतात. तीन भागिले तपासलेली संख्या, असं ते गणित. ‘आम्ही पन्नास घरं पाहिली, सगळं ठीक आहे’ असा निर्वाळा देण्याआधी हा भागाकार करून पाहा. उत्तर येतं सहा टक्के.

माहिती मागताना

भारतात माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(१)(ब) अनुदान योजनांची अंमलबजावणी, वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगतं. तो नसेल तर कलम ६ खाली अर्ज, ३० दिवसांत उत्तर, आणि न मिळाल्यास प्रथम अपील. अर्जात नावं मागू नका. वैयक्तिक माहितीच्या कारणाने अर्ज अडकतो. महिनावार आकडे मागा: सुरुवातीची संख्या, नवी नावं, कारणनिहाय वगळलेली नावं, अखेरची संख्या, पाठवलेले हप्ते, परत आलेले हप्ते. सुरुवातीची संख्या अधिक नवी नावं वजा वगळलेली नावं म्हणजे अखेरची संख्या, हे प्रत्येक महिन्यात जुळायलाच हवं. जिथे जुळत नाही त्या महिन्यावर बोट ठेवा. आणि ‘लाभार्थी’ या शब्दाची कार्यालयाने वापरलेली लेखी व्याख्या मागायला विसरू नका.

ज्या देशांत स्वतंत्र सांख्यिकी नियामक आहे तिथे आकड्याच्या गैरवापराबद्दल थेट त्यांना लिहिता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ मध्ये मान्य केलेल्या अधिकृत सांख्यिकीच्या मूलभूत तत्त्वांतलं चौथं तत्त्व सांगतं की आकड्यांचा चुकीचा अर्थ लावला गेला तर सांख्यिकी संस्थांना त्यावर बोलण्याचा हक्क आहे. डिलनॉट यांनी तेच केलं होतं.

निष्कर्ष लिहाल तेव्हा काय पडताळलं, काय पडताळता आलं नाही आणि फरक किती ते किती या मर्यादेत आहे, असं तिन्ही लिहा. प्रसिद्ध करण्याआधी संबंधित कार्यालयाला दाखवा आणि त्यांचं उत्तर सोबत छापा. मग तो कागद ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापुढे न्या. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा सरकारी कामांचे कागद आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले होते. नावं आणि कामं माहीत असलेली माणसं समोरच बसलेली होती. तुमचे आकडेही तसेच, नावं वगळून, वस्तीनिहाय वाचा: या वस्तीत यादीत इतके, पैसे मिळतात ते इतके, कापलेले इतके. वाचून झालं की वही उघडी ठेवून बसा आणि कोण काय दुरुस्ती सांगतंय, ते लिहून घ्या.